आधी बॉनेट, मग चहा

(चंद्रपूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत मोटार मेकॅनिक विषयाच्या एका निवृत्त शिल्प निदेशकांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कुलरचा आवाज मोठा आहे, त्यामुळे मी जरा चढ्या आवाजात बोलतो. मागच्या रांगेला ऐकू येतंय ना? ठीक.

टेबलावरची ही वस्तू पाहून मघाशी पहिल्या रांगेतून प्रश्न आला, "सर, हे का होय जी? बैलाचा कासरा?" (हशा) हा गाडीचा सीट बेल्ट आहे. इथे का आणला ते सांगेन, पण त्याची वेळ आल्यावर.

काल याच व्यासपीठावर गोंड राजवटीवर बोलणं झालं, उद्या ताडोब्यावर आहे. या दोहोंच्या मधे 'ओळखीच्या माणसाची जुनी गाडी घ्यावी की नाही' हा विषय कशाला, असं काहींना वाटलं आणि त्यांनी ते मला बोलूनही दाखवलं. माझं उत्तर असं आहे. घर आणि लग्न सोडलं, तर आपल्या घरातला सगळ्यात मोठा खर्च गाडीचा. आणि चंद्रपूर-गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत गाडी हौसेपुरती नसते. भामरागडचा, एटापल्लीचा, सिरोंच्याचा माणूस गडचिरोलीला दवाखाना गाठायला निघतो तेव्हा वाटेत तासन् तास जंगल असतं. रात्री अडीच वाजता गल्लीतल्या बाळंतिणीला न्यायला ज्याच्या दारात सात जणांची गाडी उभी, त्याचंच दार वाजतं. ती गाडी सुरू होते की नाही, हा प्रश्न मला लहान वाटत नाही.

गाडी पेट्रोलची की डिझेलची, कर्ज बँकेचं की फायनान्सचं, यात मी जात नाही. १९९४ ची सुमो, २००० सालची बोलेरो आणि क्वालिस, २००२ ची स्कॉर्पिओ, हा इतिहास तुम्ही त्या त्या गाडीत बसून अनुभवला आहे. काळी-पिवळीत चौदा जण कसे बसायचे, तेही मी सांगायला नको. (हशा)

मी एकच गोष्ट सांगायला आलो आहे. ओळख सवलतीसाठी वापरू नका, माहितीसाठी वापरा.

१९७० साली जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचा एक निबंध छापून आला. विषय होता जुन्या गाड्यांचा बाजार. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. पुढे २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, ते प्रामुख्याने याच विचारासाठी. तेव्हा जुन्या गाडीचा विषय व्याख्यानमालेत शोभतो, असं मी मानतो. (टाळ्या)

त्यांचं म्हणणं साधं आहे. गाडीची खोड विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा धोका धरून भाव पाडून मागतो. ज्याची गाडी खरंच चांगली, तो म्हणतो, एवढ्यात देण्यापेक्षा दारात राहिलेली बरी. तो बाजारातून उठतो. मागे उरतात त्या खोडीच्या गाड्या. अमेरिकेत अशा गाडीला 'लिंबू' म्हणतात. त्याच निबंधात आपल्याकडच्या सावकाराचाही दाखला आहे. गावाबाहेरचा माणूस जिथे कर्ज द्यायला धजत नाही, तिथे सावकार देतो, कारण त्याला प्रत्येक घर आतून ठाऊक असतं. म्हणजे ओळख ही माहितीच्या कुलपाची किल्ली आहे.

आपण तिचं काय करतो? अनोळखी माणसाकडे गाडी बघायला गेलो तर खाली वाकून बघतो, मेकॅनिक नेतो, दहा प्रश्न विचारतो. आणि ओळखीच्याकडे गेलो की सोफ्यावर बसतो. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्या आजीने सांगून ठेवलंय. गाडीच्या व्यवहारात त्या म्हणीचा अर्थ मला पैसे मोजून कळला.

आता हा बेल्ट. पाच मिनिटांत सांगतो.

२०२३ च्या जानेवारीतली गोष्ट. आईला दर पंधरा दिवसांनी नागपूरला न्यावं लागायचं. बसमध्ये तिला बसवेना. आमच्या शेजारच्या भाऊंनी गाडी विकायला काढली होती. नाव सांगणार नाही, गाडीची कंपनीही सांगणार नाही, कारण दोष दोघांचाही नव्हता. सात आसनांची डिझेल गाडी, पहिला मालक, मीटरवर साठ हजार. आमचा वीस वर्षांचा घरोबा. त्यांच्या मुलाच्या मुंजीत मी वाढायला होतो.

रविवारी सकाळी आम्ही दोघं गेलो. वहिनींनी सांबारवडी तळली होती. अंगणात गाडी धुऊन पुसून उभी. मी तिच्याभोवती एक फेरी मारली. बॉनेटला हात लावला तर ते गरम लागलं. म्हणजे आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवली होती. तीस वर्षं मी पोरांना शिकवलं, की इंजिन थंड असताना सुरू करून बघा, सेल्फ किती वेळ घेतो ते बघा, धुराचा रंग बघा. निळा धूर ऑइलचा, काळा धूर जास्तीच्या डिझेलचा, पांढरा जात नसेल तर पाणी कुठून शिरतंय ते शोधा. त्या दिवशी मनात आलं, भाऊ, उद्या सकाळी गाडी थंड असताना येतो. पण वहिनी ताट घेऊन उभ्या होत्या. शब्द ओठावर आले आणि सांबारवडीबरोबर गिळले. भाऊंनी स्वतःहून वीस हजार कमी केले. आम्ही दोघांनी त्यांचे आभार मानले आणि घरी आलो.

मार्च संपता संपता आईला घेऊन नागपूरहून परत येत होतो. जांब सोडलं, खांबाडा जवळ आलं, रात्रीचे सव्वानऊ झाले होते. आधी डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, मग सगळे गेले. हेडलाइट गेले. इंजिन बंद. मागून ट्रकांची रांग. मी स्टिअरिंग ओढून गाडी कशीबशी कडेला घेतली. आई मागच्या सीटवर. तिने एवढंच विचारलं, "बाळा, पोचलो का?"

(सभागृहात शांतता)

दुसऱ्या दिवशी गाडी वर्कशॉपमध्ये आणून मी स्वतः उघडली. वायरिंगच्या जोडांत हिरवट गंज बसला होता. तांब्याला पाणी लागून महिने गेले की असा गंज चढतो. सीटच्या रुळांवर तांबेरा. कार्पेटखालचा फोम वाळून कडक झालेला. मग मी सीट बेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढला. रोज आपण हातभर ओढतो, उरलेला पट्टा आत गुंडाळीतच असतो. तो आतला भाग बाहेर आला आणि त्यावर ही रेघ दिसली. पुढच्या रांगेला दिसतेय का? वर काळा पट्टा स्वच्छ आहे, इथून खाली मातकट. गाळाचं पाणी इथवर चढलं होतं.

हा बेल्ट मी पहिल्या रांगेत देतो. एकेकाने हातात घ्या, रेघेवरून बोट फिरवा आणि मागे द्या. तिथे अजून खरखर लागते.

तर भाऊ २०२२ च्या जुलैत सिरोंचा तालुक्यात नोकरीला होते. त्या महिन्यात प्राणहिता आणि गोदावरीच्या पुराने काय केलं, ते इथे कोणाला सांगायला नको. इरईकाठच्या आपल्या वस्त्यांनीही ते पाणी पाहिलं. गाडी दोन दिवस पाण्यात होती. मी भाऊंकडे गेलो आणि विचारलं, "हे सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "सर, तुम्ही विचारलंच नाही. आणि तुम्ही मोटारीचे गुरुजी. मला वाटलं, तुम्हाला दिसलं असेल आणि चालतंय म्हणूनच तुम्ही घेताय. म्हणून तर वीस हजार कमी केले."

मित्रहो, त्या वाक्यावर मी फार दिवस विचार केला. ते खोटं बोलत नव्हते. मी भिडेने विचारलं नाही आणि त्यांनी भिडेने सांगितलं नाही. ते वीस हजार म्हणजे त्यांच्या लेखी कबुली होती, माझ्या लेखी प्रेम. दीड वर्ष आमचं बोलणं बंद होतं. भिंत एकच, आणि दिवाळीचा फराळसुद्धा इकडून तिकडे गेला नाही. गाडीचं वायरिंग मी महिनाभरात बदललं.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी येते.) पंधरा मिनिटं उरली? मला वाटलं, अर्धा तास आहे. बरं. आता भराभर सांगतो.

ओळखीच्याला विचारायचं काय? पहिला प्रश्न किलोमीटरचा नको. गाडी कुठे फिरली, हा हवा. नागपूर महामार्गावरचे साठ हजार आणि सुरजागडच्या खनिजाच्या ट्रकांमागून आलापल्ली-आष्टी रस्त्यावरचे साठ हजार एक नव्हेत. शॉकअप, बुश, बॉल जॉइंट, पाटे, सगळ्यांचं वय रस्त्याने ठरतं. अनोळखी माणसाची गाडी कुठे राबली, हे तुम्हाला कळणार नाही. शेजाऱ्याची नोकरी कुठे होती, हे मात्र गल्लीला ठाऊक असतं. ओळखीचा खरा फायदा तो हा.

आणि पडताळा घ्या. एअर फिल्टर नवा बसवलेला असतो, म्हणून फिल्टर बघू नका. त्याच्या डब्याच्या तळाचा कोपरा बघा. दाराच्या रबराची घडी उलटून तिथे बोट फिरवा. घुग्घुस, पद्मापूरकडे कोळशाच्या खाणीवर ये-जा करणाऱ्या गाडीत काळी भुकटी निघते. गडचांदूर, आवारपूरकडची सिमेंटची राखाडी, ओल लागली की तिथेच थापून बसणारी. एटापल्लीकडची लोहखनिजाची तांबडी. धूळ म्हणजे गाडी वाईट, असं मी म्हणत नाही. मालकाने सांगितलेला रस्ता आणि बोटाला लागलेला रंग जुळायला हवा.

दुसरा प्रश्न पाण्याचा, तिसरा ठोकाठोकीचा. इथे एक खूण सांगतो. चालू विम्याची पॉलिसी मागा आणि तिच्यावर 'नो क्लेम बोनस' किती टक्के आहे ते वाचा. क्लेम न घेता वर्षं गेली तर तो २० पासून चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. पाच वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल, तर थांबा आणि का ते विचारा. कदाचित पॉलिसी मधेच बंद पडली असेल, कदाचित क्लेम झाला असेल. कागद उत्तर देणार नाही, पण प्रश्न काढून देईल. आणि हा बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही. विम्याचे जास्तीचे पैसे हिशेबात धरा.

मधल्या रांगेतून कोणी तरी म्हणतंय, "एवढं विचारलं तर समोरचा रागावेल." साहेब, रागावू द्या. आजचा राग अर्ध्या तासाचा असतो. आमचा दीड वर्ष चालला. आणि विचारण्याची एक रीत आहे. घरात शिरतानाच सांगायचं, "भाऊ, आपल्या नात्याला धक्का लागू नये म्हणून मी अनोळखी माणसासारखा बघणार आहे. तुम्हीही अनोळखी माणसाला सांगाल तसं सांगा. भाव बाजाराचा द्या, मला सवलत नको." एवढं बोललं की समोरच्याच्याही छातीवरचं ओझं उतरतं. त्यालाही सांगायचं असतं, पण आपण विचारून वाट करून द्यावी लागते.

कागदाचं दोन मिनिटांत. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवरचा बोजा उतरलेला हवा, त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, ज्याला आपण टीटी फॉर्म म्हणतो. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. विमाही १४ दिवसांत नावावर करायला टाका. गाडी १ एप्रिल २०१९ आधीची असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे का ते पाहा. ओळखीत हमखास म्हणतात, "करू सावकाश, कुठे पळून जातोय." २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. गाडी एकामागून एक हात बदलत गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. मग अपघात झाला. न्यायालय म्हणालं, नोंदीत ज्याचं नाव, भरपाईसाठी मालक तोच. म्हणून सांगतो, नाव चढवणं हा विकणाऱ्यावर दाखवलेला अविश्वास नाही. त्याच्या डोक्यावरचं छप्पर आहे ते.

बाकीचे प्रश्न राहू द्या, वेळ संपत आलाय. एक शेवटचं सांगतो.

गेल्या दिवाळीनंतर भाऊ माझ्याकडे आले. त्यांच्या मुलाला जुनी गाडी घ्यायची होती, त्यांच्याच साडूची. म्हणाले, "सर, चला सोबत." आम्ही तिघं मूलला गेलो. साडूंच्या घरात पाय ठेवला, तोच आतून कपबशांचा आवाज आला. भाऊ दारातच थांबले आणि म्हणाले, "चहा मग. आधी बॉनेट." मुलाने बॉनेटवर हात ठेवला, ते थंड होतं. मग त्याने मागचं दार उघडलं, वाकला आणि बेल्ट शेवटपर्यंत ओढला. स्वच्छ होता. मागच्या डाव्या दाराला मात्र नवा रंग होता. साडू स्वतःच म्हणाले, "सावली गावाजवळ रानडुक्कर आडवं आलं होतं, गाडी झाडाला घासली. बिल दाखवतो." बिल आलं, त्यावरून भाव ठरला, आणि मग चहा झाला. त्या चहाला घाई नव्हती.

अध्यक्ष उभे राहिलेत. बेल्ट कुठवर पोचला? आठवी रांग? मला परत द्यायची घाई करू नका. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्या आणि ती रेघ प्रत्येकाच्या बोटाला लागू द्या.