वेळापत्रकातील बंधने

इमारतीच्या बांधकामाचे वेळापत्रक आखण्यासाठी आज मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारखी संगणकप्रणाली सर्रास वापरली जाते. तीत २०१० च्या आवृत्तीपासून प्रत्येक कामासाठी दोन मार्ग खुले आहेत: ‘मॅन्युअल’, ज्यात तारीख आपण लिहावी आणि ती तेथेच राहावी, व ‘ऑटो’, ज्यात कामाची मुदत आणि पूर्वापर संबंध आपण सांगावे व तारखा प्रणालीने काढाव्या. योजनेची केवळ रूपरेषा ठरत असताना पहिला मार्ग सोयीचा खरा. परंतु प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर दुसराच पत्करावा, कारण स्लॅब चार दिवस लांबला की त्यावर अवलंबून असलेले वीटकाम, गिलावा व रंग यांच्या तारखा आपोआप पुढे सरकल्या पाहिजेत.

त्यानंतर कामाची प्रकृती पाहावी. एका गवंड्याचे बारा दिवसांचे वीटकाम दोघांवर सोपविले तर सहा दिवसांत उरकते. तेथे ‘फिक्स्ड वर्क’ ही निवड यथार्थ होय. परंतु साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटला भारतीय मानक ४५६ प्रमाणे किमान सात दिवस ओले ठेवावे लागते, आणि पाणी मारणारे बिगारी दुप्पट केले म्हणून ते लवकर पक्के होत नाही. तेथे ‘फिक्स्ड ड्युरेशन’च योग्य, शिवाय मुदत ‘एलॅप्स्ड’ दिवसांत लिहावी, नाहीतर प्रणाली साप्ताहिक सुट्ट्या वगळून तीच मुदत उगाच लांबविते.

सर्वांत अधिक सावधगिरी तारीख लिहिताना बाळगावी. ‘ऑटो’ कामाच्या आरंभाच्या रकान्यात सहज एखादी तारीख टंकित केली, की प्रणाली तिला ‘त्यापूर्वी आरंभ नाही’ असे बंधन समजते. मग आधीचे काम लवकर आटोपले तरी पुढचे तेथेच खोळंबते. ‘मस्ट स्टार्ट ऑन’ हे बंधन तर याहून कठोर, कारण आधीचे काम अपुरे असतानाही ते पुढच्या कामाची तारीख प्रायः हलू देत नाही, आणि कागदावर सर्व काही वेळेवर भासते. घरमालकाला दिवाळीपूर्वी ताबा हवा असेल, तर त्याची ही इच्छा ‘डेडलाइन’च्या रकान्यात नोंदवावी, ती वेळापत्रकाला अडवीत नाही, केवळ मुदत टळू लागताच इशारा देते. बंधनाच्या रकान्यात मात्र तीच तारीख लिहावी, जिचे कारण विचारल्यास आपल्याला महापालिकेचा परवाना किंवा वीज कंपनीचे पत्र पुढे ठेवता येईल.