पाठांतर आणि घोकंपट्टी यांतील अंतर

(शिरूर व दौंड तालुक्यांतील शिक्षक-पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



परीक्षा जवळ आल्या की गावोगावी 'स्मरणशक्ती वाढवा' अशा शिबिरांचे फलक झळकू लागतात. कोणी डोळ्यांवर पट्टी बांधून मुलाकडून पुस्तक वाचून घेतो आणि बघणारे आईबाप थक्क होतात. पट्टी आणि नाक यांच्यामधल्या फटीतून खाली ठेवलेले पान दिसते, एवढेच त्यामागचे रहस्य असते. परंतु हजारो रुपये मोजून बसलेल्या बापाला हे सांगणे अवघड आहे. त्याने तो पैसा बहुधा उसाच्या बिलातून किंवा रांजणगावच्या कारखान्यातील जादा पाळीतून उभा केलेला असतो. त्याची तळमळ खोटी नाही. रात्री अकरापर्यंत पुस्तकापुढे बसणारे आपले पोर उत्तरपत्रिकेसमोर कोरे का होते, हा त्याचा प्रश्नही खरा आहे, आणि आज आपल्याला त्याच प्रश्नाचा विचार करायचा आहे.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने अर्थहीन अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून विस्मरणाचा अभ्यास केला. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातून दिसले की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत अधिक असतो. पहिल्या तासाभरातच बरेचसे निसटते आणि पुढे घसरण मंदावते. याचा अर्थ असा की सोमवारी वर्गात शिकवलेल्या धड्याकडे मूल थेट चाचणीच्या आदल्या रात्री वळत असेल, तर दोष त्याच्या मेंदूचा नाही. विसरणे हा सर्वांचाच स्वभाव आहे. 'आमच्या पोराच्या डोक्यात राहतच नाही' हे वाक्य आपण मुलाच्या देखत उच्चारतो, तेव्हा आपण त्याच्यावर केवढा अन्याय करतो याचा विचार व्हावा.

मग उपाय काय? बहुतेक घरांत अभ्यास म्हणजे वाचन आणि पुनर्वाचन. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी पान मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा मात्र चित्र उलटले आणि आठवून लिहिणारे पुढे निघाले. वाचताना सारे ओळखीचे वाटते, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा भ्रम होतो. खरा सराव स्मृतीतून बाहेर काढण्याचा हवा. पूर्वीची पाटी यासाठी फार उपयोगी होती. लिहावे, पुसावे, पुन्हा लिहावे. आजही वही मिटून कोऱ्या कागदावर धडा मांडता येतो आणि त्याला कोणतेही शुल्क पडत नाही.

येथे बसलेल्या माता-भगिनींना एक विनंती आहे. 'आम्ही शिकलो नाही, मुलाचा अभ्यास कसा घेणार?' असे आपण म्हणता. वस्तुतः आपण फार उत्तम परीक्षक आहात. भाकरी थापताना मुलाला समोर बसवा आणि विचारा, 'आज शाळेत काय शिकवलं, मला समजेल असं सांग.' शिकलेला बाप अर्धे वाक्य स्वतःच पूर्ण करतो, तर न शिकलेली आई 'म्हणजे काय?' असे विचारते. त्या प्रश्नाने मुलाला आठवावेही लागते आणि समजून घ्यावेही लागते. शेजारच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत मुलेच एकमेकांना शिकवतात. त्या 'विषयमित्र' पद्धतीची दखल २०२५ साली आंतरराष्ट्रीय शालेय पुरस्कारातही घेतली गेली. त्यामागचे तत्त्व आपल्या चुलीपाशीही चालते.

आता आपल्या परंपरेकडे वळू. वेदपठणाच्या मौखिक परंपरेला युनेस्कोने २००३ साली मानवतेचा वारसा म्हणून गौरविले. तिची रचना पाहा. क्रमपाठात पहिले पद दुसऱ्याशी, दुसरे तिसऱ्याशी जोडायचे. जटापाठात तीच जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट म्हणायची. घनपाठात तीन पदांची अशीच गुंफण करायची. एक शब्द जरी चुकला तरी साखळी तुटते आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. लेखी प्रतीशिवाय शब्दच्छल होऊ न देण्याची ही व्यवस्था होती. तथापि अभिमानाच्या भरात एक गोष्ट विसरू नये. अर्थ न जाणता वेद म्हणणाऱ्याला भार वाहणाऱ्या खांबाची उपमा खुद्द यास्काचार्यांनीच निरुक्तात दिली आहे. घोकंपट्टीवरील टीका पाश्चात्त्यांकडून आयात करण्याची आपल्याला आवश्यकता नव्हती.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घोकंपट्टीऐवजी आकलनावर भर दिला, हे योग्यच झाले. परंतु घोकंपट्टी नको म्हणता म्हणता पाठांतरच नको, असे काही जण म्हणू लागले आहेत. हे मला मान्य नाही. आपण मनात एका वेळी मोजक्याच गोष्टी धरू शकतो. सात आठे किती हे शोधण्यात ज्याचे मन गुंतले, त्याच्याकडे शाब्दिक उदाहरण सोडवायला जागाच उरत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीतील लोक तिन्हीसांजेच्या परवच्यात पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी म्हणत, आणि बाजारात साडेतीन शेराचा हिशोब बोटही न मोडता करीत. पावकी-निमकी परत आणा असे मी म्हणत नाही, कारण शेर-पायली गेली. पाढे मात्र गेलेले नाहीत. (२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' आले तेव्हा केवढा गदारोळ झाला! संख्येची फोड कळायला ती पायरी वाईट नव्हती. तेथेच थांबणे वाईट ठरले असते.)

स्थळांच्या आधारे लक्षात ठेवण्याची एक जुनी युक्ती आहे. दौंडची मुले ती फार लवकर शिकतील, कारण लोहमार्गावरची स्थानके त्यांना तोंडपाठ असतात. दौंडहून पुण्याकडे निघा. पाटसला बुध, कडेठाणला शुक्र, केडगावला आपली पृथ्वी, खुटबावला लाल मंगळ, यवतला गुरू, उरुळीला शनी, लोणीला युरेनस, मांजरीला नेपच्यून. हडपसरला पूर्वी प्लूटो उतरत असे. २००६ साली त्याचे ग्रहपद गेले. शिरूरकरांकडे रेल्वे नाही, पण कारेगाव, रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी हा रस्ता आहे. या युक्तीने क्रम लक्षात राहतो. मंगळ लाल का, हे मात्र ती सांगत नाही. ते शिक्षकानेच सांगायचे.

इतिहासात तर स्थळ हाच खरा आधार. छत्रपती संभाजी महाराजांच्या बलिदानाची ११ मार्च १६८९ ही तारीख मुले पाठ करतात आणि गोंधळतात. त्यांना संगमेश्वरपासून नकाशा काढू द्या. तेथे महाराज पकडले गेले. पुढे पेडगावचा बहादूरगड, ज्याला आज धर्मवीरगड म्हणतात आणि जो दौंडहून दूर नाही. मग तुळापूर आणि शेवटी शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुकची समाधी. ज्या मुलाने ही ठिकाणे भीमाकाठच्या आपल्या मुलखात बोटाने दाखवली, त्याला सनावळीचे ओझे वाटणार नाही.

उजळणीचे वेळापत्रक सोपे ठेवा. शिकवले त्या संध्याकाळी एकदा, दुसऱ्या दिवशी एकदा, मग गावच्या बाजाराच्या दिवशी, आणि त्यानंतर महिन्याने. प्रत्येक वेळी आधी आठवायचे, मग पुस्तक उघडून पडताळायचे. आणि झोप तोडू नका. पहाटे तीनला उठवून बसवलेले मूल पाने उलटते, पण झोपेत पक्के होणारे तेवढे गमावते.

शिक्षकांसाठी शेवटचा मुद्दा. ऊसतोडीच्या हंगामात आपल्या वर्गांत बाहेरच्या जिल्ह्यांतील मुले येतात. ती दिवाळीनंतर पटावर दिसतात आणि पट्टा पडला की निघून जातात. मधल्या धावपळीत त्यांचे वाचन मागे पडलेले असते, आणि 'याला काहीच येत नाही' म्हणून त्यांना मागच्या बाकावर अ-आ-ईला बसवले जाते. एबिंगहाउसच्या प्रयोगातली दुसरी बाब येथे कामाला येते. पूर्णपणे विसरल्यासारखी वाटणारी यादीही दुसऱ्यांदा पाठ करताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागे, आणि स्मृतीचे मोजमाप तो याच बचतीवरून करी. ते मूल शून्यावर नसते. त्याला पहिले चार दिवस मागच्या इयत्तेचे आठवून सांगू द्या, चुकू द्या, आणि कोठवर येते ते पाहून तेथून पुढे न्या. मार्चमध्ये ते निघेल तेव्हा त्याने काय शिकले, याचा एक कागद त्याच्या आईच्या हाती द्या, म्हणजे पुढच्या गावच्या गुरुजींना ते पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागणार नाही.