केस गळला म्हणजे मूळ मेलं का?

नांदुऱ्याहून बोलतोय. 'टक्कल व्हायरस' आठवतो ना? डिसेंबर २०२४ संपता संपता शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत केस हातात यायला लागले. तीन-चार दिवसांत टक्कल! लोण आपल्या नांदुरा तालुक्यातही आलं. ज्यांची सोयरीक चालली होती त्या पोरापोरींचं काय झालं असेल, विचार करा.

व्हायरस वगैरे काही नव्हता. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी, केस तपासून घेतले. सेलेनियम भरमसाट निघालं, आणि त्यांनी बोट दाखवलं रेशनच्या गव्हाकडे.

तेव्हापासून एकच मेसेज येतो: "दादा, लॅबमध्ये स्टेम सेलपासून केस उगवतात म्हणे. करून घेऊ का?"

आधी हे बघा. केस ज्या इवल्याशा पिशवीतून उगवतो ती फॉलिकल. डोक्यावर साधारण एक लाख, आणि सगळ्या जन्माआधीच तयार झालेल्या. विषानं केस गळतो, पण फॉलिकल बहुतेक वेळा जागेवरच राहते. लसूणघास कापला तरी पुन्हा फुटतो ना, तसं. म्हणून तर आपल्याकडे बऱ्याच जणांचे केस काही आठवड्यांत परत यायला लागले. त्यांना लॅबची गरजच नव्हती!

गरज आहे ती भाजलेल्यांना, व्रण पडलेल्यांना. तिथं फॉलिकलच संपलेली असते. हेअर ट्रान्सप्लांट नवी फॉलिकल बनवत नाही, मागची काढून पुढं लावतं, बस.

मग लॅबचं काय? काम खरं आहे, आणि भारी आहे. फॉलिकलच्या तळाशी काही पेशी असतात, त्या वरच्या कातडीला 'केस बनव' असा निरोप देतात. गंमत म्हणजे सपाट बशीत वाढवल्या की त्या निरोप द्यायचंच विसरतात. गोळा करून वाढवल्या तर थोडंफार आठवतं. २०२० मध्ये अमेरिकेत कार्ल कोलर यांच्या गटानं मानवी स्टेम सेलपासून कातडीचे गोळे वाढवले. चार-पाच महिन्यांनी त्यांना केस आले. २०२२ मध्ये जपानच्या योकोहामात जुंजी फुकुदा यांच्या गटानं उंदराच्या पेशींपासून बशीतच केस उगवला, सुमारे तीन मिलिमीटर.

तीन मिलिमीटर, तोही उंदराचा. माणसाच्या डोक्यावर केस एका दिशेनं यायला हवा, गळून पुन्हा उगवायला हवा, आणि त्या पेशींची गाठ होता कामा नये. हे अजून बाकी आहे.

तरी 'स्टेम सेल हेअर पॅकेज'च्या रील्स फिरतायत. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, रक्ताचे ठरावीक आजार वगळता स्टेम सेल वापरायचे ते फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्ये, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. कोणी पॅकेजचा आकडा सांगितला की फक्त इतकंच विचारा: "ट्रायलचा सीटीआरआय नंबर द्या." मोबाईलवर दोन मिनिटांत तपासता येतो.