मुक्काम पोस्ट खुलताबाद

(१८ एप्रिल, जागतिक वारसा दिनानिमित्त युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी फोनवर विचारलं, "विषय काय लिहू?" मी म्हटलं, "पोस्टकार्डं." पलीकडे थोडा वेळ कुणी बोललंच नाही. तुमच्यापैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी पोस्टकार्ड लिहिलंय? हात वर करा. चार. ठीक आहे, म्हणजे विषय बरोबर निवडलाय.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर जे काम करतो त्याला हात लावून बघता येत नाही. त्यामुळे असेल कदाचित, पण मला हाताला लागणारी एक गोष्ट जमवायचा नाद आहे: जागतिक वारसा स्थळांची पोस्टकार्डं. हा अल्बम सोबत आणलाय. यात २१२ स्थळं आहेत. जुलै २०२५ च्या बैठकीनंतर युनेस्कोच्या यादीत १७० देशांमधली १,२४८ स्थळं झाली. म्हणजे मला अजून बरीच वर्षं जगावं लागणार, असं मी घरी सांगून ठेवलंय.

पण हा नाद माझ्यापासून सुरू झालेला नाही. माझं गाव खुलताबाद. वेरूळची लेणी आमच्या घरापासून चार-पाच किलोमीटरवर. माझे अब्बा तिथं गाड्या थांबतात त्या जागी पोस्टकार्डं विकायचे. गळ्यात अडकवलेला ट्रे, त्यात एका टोकाला धरून सोडलं की सरसर उलगडणाऱ्या बारा-बारा कार्डांच्या पट्ट्या. अब्बा सातवीपर्यंत शिकलेले. पण किंमत सांगण्यापुरतं इंग्रजी, फ्रेंच आणि जपानी त्यांना येत होतं. 'अरिगातो' हा शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकलो. मंगळवारी लेणी बंद, म्हणून आमच्या घरचा रविवार मंगळवारी यायचा.

रोज रात्री जेवण झालं की अब्बा फडकं घेऊन एकेक पट्टी पुसायचे. कोपरा दुमडलेली पट्टी विकायची नाही, हा त्यांचा नियम. ती बाजूला निघायची आणि माझी व्हायची. माझा पहिला संग्रह तोच. सगळ्या कार्डांवर कैलास लेणं, आणि प्रत्येकाचा एक कोपरा मोडका.

या धंद्यामुळे आम्हाला दोन प्रश्न कायम ऐकावे लागले. पहिला आमच्याच मोहल्ल्यातून यायचा: "बुतांचे फोटो विकून घर चालवतोस?" अब्बा शांतपणे म्हणायचे, "मेहनत का पैसा है, किसी को फसाया नहीं." दुसरा प्रश्न मला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर भेटला. मी वेरूळबद्दल काहीतरी भरभरून सांगत होतो. एक मित्र सहज म्हणाला, "पण तुझं काय रे तिथं? तुमचं तर सगळं खुलताबादला." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि पुढे मी वेरूळचा विषयच काढणं बंद केलं. कॉलेजच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'व्यापार' असं लिहायचो. ट्रे कुणाला दिसू नये म्हणून.

मग सगळ्यांच्या हातात कॅमेऱ्याचे फोन आले आणि कार्डं खपेनाशी झाली. माझी नोकरी लागल्यावर दोन वर्षांनी अब्बांनी ट्रे उतरवला. उरलेला माल खोक्यात भरून पलंगाखाली गेला.

काही वर्षांनी ऑफिसात एका सहकाऱ्याच्या टेबलावर मी परदेशातून आलेलं कार्ड पाहिलं. त्यानं मला पोस्टक्रॉसिंगबद्दल सांगितलं. २००५ मध्ये पाउलो मागाल्याएस या पोर्तुगालमधल्या विद्यार्थ्यानं ही व्यवस्था सुरू केली. तिची रचना मला इंजिनिअर म्हणून फार आवडते, कारण ती अगदी साधी आहे. तुम्ही नाव नोंदवलं की जगातल्या कुठल्या तरी अनोळखी माणसाचा पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक कार्डावर लिहून कार्ड पाठवायचं. ते पोचलं आणि त्या माणसानं क्रमांक नोंदवला की तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी दिला जातो. ज्याला तुम्ही पाठवता तो तुम्हाला पाठवत नाही, पण तुम्ही पाठवल्याशिवाय तुम्हाला काही येत नाही. हिशेब चोख राहतो आणि उपकार कुणाचे होत नाहीत.

पुण्यात माझं भाड्याचं घर दर दोन वर्षांनी बदलायचं. म्हणून मी खुलताबादचा पत्ता दिला. कारण एवढंच होतं.

पाठवायला वेरूळची कार्डं हवी होती. गंमत बघा, लेण्यांपाशी चांगली कार्डं मिळेनात. शेवटी पलंगाखालचं खोकं बाहेर काढलं. जुनी छपाई, आकाश जरा जास्तच निळं, एका कार्डात तर कोपऱ्यात पांढरी अँबॅसिडर उभी. मी पट्ट्या कापून सुटी कार्डं केली आणि पाठवायला लागलो. दीड-दोन महिन्यांनी अब्बांचा फोन आला. "तेरे नाम का कार्ड आया है. छपाई अच्छी है. एक कोना दबा है." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. अम्मीनं नंतर सांगितलं, त्यांनी ते फडक्यानं पुसलं आणि टीव्हीशेजारी उभं करून ठेवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, या माणसाच्या हातून पंचवीस वर्षं कार्डं जगभर गेली आणि त्याच्या पत्त्यावर एकही आलं नव्हतं.

आता लिहिण्याबद्दल. सुरुवातीला मी प्रत्येक कार्डावर माहितीफलकासारखं लिहायचो. वेरूळला ३४ लेणी आहेत, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सोळावं कैलास, आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, वरून खाली खोदत आणलेलं. १९८३ मध्ये अजिंठा, वेरूळ, आग्ऱ्याचा किल्ला आणि ताजमहाल ही भारताची पहिली चार स्थळं यादीत आली. सगळं खरं होतं. शेवटी मी लिहायचो, 'हे ठिकाण माझ्या गावाजवळ आहे.' पोलंडमधल्या एका आजींनी कार्ड मिळाल्यावर उत्तरात विचारलं, "इतक्या जवळ राहत होतात, तर लहानपणी तिथं काय करायचात?"

हा प्रश्न मला कधीच कुणी विचारला नव्हता. काय करायचो? पावसाळ्यात २९ व्या लेण्याजवळ धबधबा पडतो, त्याच्या तुषारांत भिजायचो. दहाव्या लेण्यात, दगडी फासळ्यांच्या छताखाली, गुणगुणलं की आवाज घुमतो, तिथं पाढे म्हणायचो. कैलासच्या हत्तींच्या सोंडा तुटल्यात, त्या मोजायचो. होस्टेलवरच्या मित्राला द्यायचं उत्तर मला दहा वर्षं उशिरा सापडलं. माझं तिथं लहानपण आहे. अब्बांची पंचवीस वर्षं आहेत. आमच्या घरची भाकरी त्या डोंगरातून आली.

आता अल्बममधली तीन कार्डं दाखवतो.

हे इजिप्तचं अबू सिंबेल. आपण लहानपणी मौलवीसाहेबांकडून फिरऔनची गोष्ट ऐकलीय. मिसरच्या राजांना फिरऔन म्हणत, आणि हे देऊळ त्यांपैकीच एका राजाचं, दुसऱ्या रामसेसचं. आस्वानचं मोठं धरण बांधायचं ठरलं तेव्हा ते पाण्याखाली जाणार होतं. इजिप्त सरकारनं १९५९ मध्ये युनेस्कोकडे मदत मागितली आणि १९६४ ते १९६८ या काळात अख्खं देऊळ कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभं केलं गेलं. अनेक देशांनी पैसे आणि माणसं दिली. १९७२ चा जागतिक वारसा करार याच अनुभवातून पुढे आला. इजिप्तच्या लोकांनी रामसेसला देव मानून हे केलं नाही. आपल्या नदीकाठी घडलेलं काम बुडू द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं. मोहल्ल्यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला या कार्डात मिळतं.

हे दुसरं माली देशातल्या तिंबक्तूचं. मालीहून थेट आलेलं नाही, फ्रान्समधल्या एका बाईंनी त्यांच्या जुन्या संग्रहातून पाठवलं. मातीच्या मशिदी, सुफी संतांचे मकबरे, हजारो हस्तलिखितं. २०१२ मध्ये सशस्त्र गटांनी शहर ताब्यात घेऊन तिथले मकबरे फोडले. फोडणारेही मुसलमान आणि मकबरेही मुसलमानांचे. त्यामुळे 'आपलं' आणि 'त्यांचं' असा अल्बम लावायला बसलो, तर हे कार्ड कुठं ठेवायचं ते मला कळत नाही. पुढे तिथल्याच गवंड्यांनी, बापाकडून मुलाकडे आलेल्या पद्धतीनं, माती मळून मकबरे पुन्हा बांधले. २०१५ मध्ये ते काम पुरं झालं. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं अहमद अल फकी अल महदी याला या गुन्ह्यासाठी नऊ वर्षांची शिक्षा सुनावली. त्यानं गुन्हा कबूल करून माफी मागितली होती.

तिसरं मोस्तारचं, बोस्नियातलं. १५६६ मध्ये मिमार हैरुद्दीन यानं नेरेत्वा नदीवर बांधलेला एका कमानीचा पूल. ९ नोव्हेंबर १९९३ ला, युद्धात, क्रोएट फौजांच्या तोफांच्या माऱ्यानं तो नदीत कोसळला. २००४ मध्ये तिथल्याच दगडात तो पुन्हा बांधला आणि २००५ मध्ये परिसरासह यादीत आला. पाठवणाऱ्या मुलीनं मागे लिहिलंय, "मी बघितलेला पूल नवा आहे. माझी आई अजून त्याला जुनाच पूल म्हणते."

यादीत नाव आलं म्हणजे काम संपलं असंही नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनजवळच्या एल्ब खोऱ्याचं नाव २००९ मध्ये यादीतून काढलं, कारण लोकांनी तिथं चौपदरी पूल हवा असं ठरवलं. लिव्हरपूलचं २०२१ मध्ये गेलं. ही कार्डं मी काढून टाकली नाहीत, शेवटच्या पानावर ठेवलीत.

आपल्या संविधानाच्या कलम ५१ (क) मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आहेत. आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा ओळखणं आणि जपणं हे त्यातलं एक. 'संमिश्र' हा शब्द तिथं आहे, हे लक्षात ठेवा. कुणी विचारलं, "तुझं काय तिथं?" तर रागावू नका. पण माझ्यासारखे दहा वर्षं गप्पही बसू नका. तिथं जा, बघा, माहिती करून घ्या आणि सांगा.

महाराष्ट्रात आज सात जागतिक वारसा स्थळं आहेत. मुंबईकर रोज सीएसएमटीवर लोकल पकडतात, ते २००४ पासून यादीत आहे. कोल्हापूरकडच्यांचा पन्हाळा आणि मालवणकडच्यांचा सिंधुदुर्ग २०२५ मध्ये आले. मराठा लष्करी भूप्रदेश या नावानं बारा किल्ले घेतले, त्यांतले अकरा आपले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. आणि तुमच्या गावाजवळ यादीतलं काही नसलं तरी बिघडत नाही. बारव असेल, ईदगाह असेल, जुनं देऊळ असेल, दर्गा असेल.

अब्बांच्या खोक्यात आता ३१ कार्डं उरलीत. यंदा पावसाळ्यात नवे फोटो काढून नवी कार्डं छापायची असं आमचं ठरलंय. कागद कुठला वापरायचा ते अब्बा ठरवणार. आता ते सत्तरीला आले आहेत, पण नमुना हातात घेऊन अजून कोपरे तपासतात. परवा माझ्या मुलीच्या शाळेचा फॉर्म आला, त्यात आजोबांबद्दल दोन ओळी लिहायच्या होत्या. तिनं लिहिलं, "माझे दादा वेरूळची कार्डं विकायचे. आता त्यांना जगातून कार्डं येतात." मी तिला काही सांगितलं नव्हतं.

आज येताना पन्नास कोरी कार्डं आणली आहेत, तिकडच्या टेबलावर ठेवलीत. भारतात १८७९ मध्ये पाव आण्याला पहिलं पोस्टकार्ड निघालं. आज आपलं सरकारी कार्ड पन्नास पैशांना मिळतं. परदेशी पाठवायचं असेल तर वेगळी तिकिटं लागतात, पोस्टात विचारून घ्या. प्रत्येकानं एक कार्ड घ्या. आपल्या घराजवळच्या एका जागेबद्दल तीन ओळी लिहा. फलकावरची माहिती नको, तुम्ही तिथं काय करायचात ते लिहा. कार्डाला पाकीट नसतं, वाटेत पोस्टमनही वाचेल, तेव्हा त्यालाही वाचायला आवडेल असं लिहा. कुणाला पाठवायचं ते सुचलं नाही, तर शेजारी बसलेल्याचा पत्ता घ्या.

आणि पिनकोड विसरू नका.