‘उद्धट’ कोणाला म्हणायचं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



अमेरिकेतल्या अनुभवांवर बोला, असं मला सांगितलं आहे. मी तिथे बारा वर्षं राहिले. त्यातली चार वर्षं एका सरकारी शाळेत सहायक शिक्षिका होते. अनुभव पुष्कळ आहेत, पण आज मी एका चिठ्ठीबद्दल बोलणार आहे. ती चिठ्ठी मीच लिहिली होती.

सातवीच्या वर्गात एक कृष्णवर्णीय मुलगी होती. उंच, हुशार, आवाज मोठा. गणिताच्या तासाला मी तिला गप्प बसायला सांगितलं. ती म्हणाली, “मी एकटीच बोलत नव्हते. तुम्ही मलाच का म्हणता?” तिचं खरं होतं. शेजारच्या दोन गोऱ्या मुलीही बोलत होत्या. पण तिचा स्वर मला झोंबला. मूल ऐकत नसेल तर मुख्याध्यापकांकडे पाठवायला तिथे एक छापील फॉर्म असतो. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं : उद्धटपणा. तिला तीन दिवस शाळेत यायची बंदी झाली.

चौथ्या दिवशी तिची आई आली, एका दिवसाची मजुरी बुडवून. तिनं आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, “तिनं नेमकं काय केलं, ते मला सांगा.” मला सांगता येईना. चोरी केली, मारलं, काही फोडलं, यातलं काहीच नव्हतं. ‘तुमची मुलगी मला बरोबर बोलली आणि मला ते आवडलं नाही’, हे कसं सांगणार?

तीन दिवसांत वर्ग पुढे गेला, ती मागे पडली. मागे पडली म्हणून चिडू लागली. दुसरी चिठ्ठी दुसऱ्या बाईंनी लिहिली, आणि ती लिहिणं सोपं होतं, कारण पहिली आधीच फाइलमध्ये होती. वर्षअखेरीपर्यंत तिच्या नावावर पाच चिठ्ठ्या झाल्या. पहिली माझी.

मला वाटायचं, मी बाहेरची, सावळी बाई, माझ्यात कसला आलाय वर्णभेद? मग मी वाचायला लागले. रसेल स्किबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली मुलांना कोणत्या कारणांसाठी शिक्षेला पाठवतात ते तपासलं. गोऱ्या मुलांची कारणं डोळ्यांना दिसणारी होती : सिगारेट ओढली, न सांगता शाळेबाहेर गेलं, मोडतोड केली, शिव्या दिल्या. कृष्णवर्णीय मुलांची कारणं होती : आदर दाखवला नाही, फार आवाज केला, धमकीवजा वागलं, रेंगाळत उभं राहिलं. म्हणजे एकाच्या बाबतीत कृत्याला शिक्षा आणि दुसऱ्याच्या बाबतीत आपल्या मनात उठलेल्या भावनेला शिक्षा.

आता थोडे आकडे. अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं २०११-१२ या वर्षाची देशभरची माहिती प्रसिद्ध केली. बालवाडीत कृष्णवर्णीय मुलं शंभरात १८ होती. पण एकापेक्षा जास्त वेळा घरी पाठवलेल्या बालवाडीतल्या मुलांमध्ये ती शंभरात ४८ होती. बालवाडीत, मैत्रिणींनो! वरच्या इयत्तांसकट पाहिलं तर त्या वर्षी शंभरातल्या १२ कृष्णवर्णीय मुलींना शाळेनं घरी बसवलं, गोऱ्या मुलींपैकी फक्त दोघींना. हे प्रमाण बहुतेक गटांतल्या मुलग्यांपेक्षाही जास्त होतं.

कुणी म्हणेल, तीन दिवस घरी बसल्यानं काय बिघडतं? टेक्सास राज्यात सातवीतल्या जवळजवळ दहा लाख मुलांचा सहा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला. अहवाल २०११ साली आला. कायद्यानं शिक्षा द्यायलाच हवी अशी प्रकरणं शंभरात फक्त तीन होती. बाकी सगळी शाळेच्या मर्जीवर. बाकीचे सगळे घटक सारखे धरले तरी अशा मर्जीच्या शिक्षेत सापडण्याची शक्यता कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत ३१ टक्के जास्त. आणि अशी शिक्षा झालेलं मूल पुढच्याच वर्षी बालगुन्हेगारीच्या यंत्रणेत सापडण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट.

यावर नेहमीचा आक्षेप असतो : ती मुलंच तशी असतील, शाळेचा काय दोष? त्याला उत्तर शार्लट शहरातून मिळालं. तिथे २००२ साली शाळांच्या हद्दी बदलल्या. एकाच वस्तीतली मुलं वेगवेगळ्या शाळांत गेली, काही कडक शाळेत, काही तितक्या कडक नसलेल्या. संशोधकांनी ती मोठी झाल्यावर पाहिलं. जास्त कडक शाळेत गेलेल्यांना पुढे अटक आणि तुरुंगवास होण्याचं प्रमाण १५ ते २० टक्क्यांनी जास्त निघालं. वस्ती तीच होती, मुलं तशीच होती, फक्त शाळा वेगळी होती. तिथले कार्यकर्ते याला ‘शाळेतून तुरुंगाकडे जाणारी पाइपलाइन’ म्हणतात.

ही पाइपलाइन आपोआप तयार झाली नाही. १९९४ साली केंद्राचा कायदा आला : शाळेत बंदूक आणणाऱ्याला वर्षभर काढा. बंदुकीपुरतं ते ठीक होतं. पण ‘एकही चूक माफ नाही’ हे धोरण मग उलट बोलण्यालाही लागू झालं. १९९९ साली कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला आणि शाळाशाळांतून पोलीस वाढले. पूर्वी जे प्रकरण मुख्याध्यापकांच्या खोलीत मिटायचं, ते चौकीत जाऊ लागलं.

१९६० साली न्यू ऑर्लिन्समध्ये रुबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी गोऱ्यांच्या शाळेत गेली, तेव्हा तिला आत नेण्यासाठी सरकारी मार्शल सोबत लागले. २०१९ साली ऑरलँडोमध्ये सहा वर्षांच्याच एका कृष्णवर्णीय मुलीनं शाळेत आकांडतांडव केलं, लाथा मारल्या. पोलिसांनी तिचे हात प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधले आणि रडत असताना तिला शाळेबाहेर नेलं. ओरड झाली, खटला मागे घेतला, पोलिसाची नोकरी गेली. २०२१ साली फ्लोरिडानं कायदा केला की गंभीर हिंसक गुन्हा सोडून सात वर्षांखालच्या मुलाला अटक करता येणार नाही. सात वर्षांच्या मुलाला अजूनही येते.

आपल्या चळवळीनं लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट सांगते. साउथ कॅरोलायना राज्यात १९१९ साली एक कायदा झाला. मुलींच्या शाळा-कॉलेजांभोवती घिरट्या घालून त्रास देणाऱ्या पुरुषांना आवरण्यासाठी. आपणही मागितला असता असाच कायदा. साठच्या दशकात त्यातला मुलींचा उल्लेख गेला आणि शाळेत ‘अडथळा आणणारा’ कुणीही गुन्हेगार ठरू लागला. २०१५ साली तिथल्या एका कृष्णवर्णीय मुलीनं वर्गात फोन वापरला आणि बाहेर जायला नकार दिला. पोलिसानं तिला बाकासकट उलथवलं आणि वर्गात फेकलं. एक मैत्रीण याविरुद्ध ओरडली, तर तिलाही अटक. दोघींवर आरोप त्याच कायद्याचा! पुढे आरोप मागे घेतले, २०१८ मध्ये कायदा बदलला, आणि त्या मैत्रिणीनं लढवलेल्या दाव्यात २०२३ साली वरिष्ठ न्यायालयानं विद्यार्थ्यांवरचा त्याचा वापर घटनाबाह्य ठरवला. मुलींच्या रक्षणासाठी केलेला कायदा मुलींच्याच मानेवर बसला. आपण जेव्हा ‘कडक कायदा करा, पोलीस वाढवा’ म्हणतो, तेव्हा तो कुणाच्या दारात आधी पोचणार, हेही विचारायला हवं.

मुलींवरच हा राग का? जॉर्जटाउन विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं की पाच ते चौदा वयाच्या कृष्णवर्णीय मुली प्रौढांना गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस वाटतात. त्यांना माया आणि संरक्षण कमी लागतं असं वाटतं. म्हणून तिचं रडणं नाटक ठरतं, तिचा प्रश्न उद्धटपणा ठरतो. किंबर्ली क्रेनशॉ यांनी २०१५ च्या अहवालात आणि मोनिक मॉरिस यांनी २०१६ च्या ‘पुशआउट’ पुस्तकात हेच मांडलं : चर्चा मुलग्यांची होते, मुली हिशेबातच येत नाहीत. बालसुधारगृहात पोचलेल्या कितीतरी मुलींवर आधी लैंगिक अत्याचार झालेले असतात. जिला आधार द्यायचा, तिलाच शिक्षा.

शिक्षिकांची अडचण मी नाकारत नाही. तीस मुलांच्या वर्गात खरंच मारामारी होते, आणि बाकीच्या मुलांना शिकायचा हक्क आहे. पण घरी पाठवल्यानं भांडण मिटत नाही, तीन दिवस पुढे जातं. आमच्या शाळेत पुढे एक समुपदेशक बाई आल्या. त्या भांडणाऱ्या दोघांना समोरासमोर बसवायच्या. वेळ लागायचा, पण चिठ्ठ्या कमी झाल्या. २०१४ साली केंद्रानं शाळांना या दिशेनं सूचना दिल्या होत्या. त्या २०१८ मध्ये मागे घेतल्या, आणि एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी त्या धोरणाविरुद्ध आदेशच काढला. म्हणजे लढाई संपलेली नाही.

जोतिबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. तिथलं दुःख आपल्याला परकं नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. आपल्याकडे १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. १९५२ साली तो रद्द झाला, पण वर्गात पेन्सिल हरवली की पारध्याच्या पोरीचं दप्तर अजून आधी उघडलं जातं. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमांतला जातिभेद आणि विमुक्तांवरचा तो शिक्का पुसायला सांगावं लागलं.

म्हणून एक काम सुचवते. आपापल्या गावातल्या शाळेत, आश्रमशाळेत जा. गेल्या वर्षी कुणाचं नाव कमी झालं ते पाहा. कारणाचा रकाना वाचा. तिथे ‘उद्धट’, ‘वळण नाही’, ‘ऐकत नाही’ असं काही असेल, तर त्या आईनं मला विचारलं तेच विचारा : “तिनं नेमकं काय केलं?”

उत्तर देता आलं नाही, तर त्या मुलीला परत वर्गात बसवा. मला ते तेव्हा जमलं नाही.