२५ डिसेंबर : एका तारखेच्या तीन आठवणी

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही काही विद्वान नाही. आयुष्य गिरणीत साच्यावर गेले. जे चार शब्द वाचले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात. बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्यावी.

यंदा कमिटीत एक सूचना आली. २५ डिसेंबरला जागोजाग कार्यक्रम असतात, वक्ते मिळत नाहीत, नाताळात लोक गावी जातात. तेव्हा वर्धापन दिन पुढे रविवारी घ्यावा. सूचना करणारी पोरे आपलीच आहेत, त्यांच्यावर राग नाही. आपण मुहूर्त मानीत नाही, मग तारखेला का धरून बसायचे, असे ती विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आम्ही उभे राहिलो.

मंडळी, तारखेत काही दैवी नसते. त्या काळी नाताळच्या सुट्टीत देशभर परिषदा भरत, काँग्रेसची अधिवेशनेही भरत. महाडची दुसरी परिषदही १९२७ सालच्या त्याच दिवसांत भरली. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्यालो म्हणून आपल्या लोकांची डोकी फुटली होती. डिसेंबरात मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. २५ डिसेंबरच्या रात्री बाबासाहेबांच्या उपस्थितीत तिथे मनुस्मृती जाळली. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. हे मुद्दाम सांगतो, कारण ती आग एका जातीच्या माणसांना लावलेली नव्हती. विषमतेच्या कायद्याला लावलेली होती.

दुसरी आठवण १९५४ ची. रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून आल्यावर बाबासाहेबांनी २५ डिसेंबरलाच देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्ती बसवली. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, म्हणजे अजून पावणेदोन वर्षे पुढे होती. सत्तावीस वर्षांपूर्वी जे जाळले, त्याच्या जागी काय आणायचे ते त्या दिवशी लोकांना दिसले. नुसते जाळून भागत नाही, मंडळी. आपल्या वडीलधाऱ्यांनी या विहारासाठी हीच तारीख धरली ती त्यासाठी.

तिसरी आठवण आम्हाला पुस्तकाने दिली नाही. आमच्या खात्यात एक तामिळ गडी होता. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. एका २५ डिसेंबरला आम्ही सगळ्यांना पेढे वाटले. त्याने पेढा हातात धरला, पण खाल्ला नाही. म्हणाला, "भाऊ, आमच्याकडे आज दिवे लावतात, मेलेल्यांसाठी." मग त्याने कीळवेणमणीची गोष्ट सांगितली. तंजावर भागातले गाव. तिथल्या दलित शेतमजुरांनी लाल बावट्याच्या युनियनमधून थोडे जास्त भात मजुरी म्हणून मागितले. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री जमीनदारांची माणसे चालून आली. बायका, पोरे, म्हातारी माणसे एका झोपडीत लपली. बाहेरून आग लावली. ४४ जीव गेले. खालच्या कोर्टात शिक्षा झाल्या, पण १९७३ साली मद्रास हायकोर्टात जमीनदार सुटले.

त्या दिवशी आमची मान खाली गेली. मजुरीसाठी आम्हीही गेटवर उभे राहिलेलो. दरसाल ही तारीख साजरी करतो, आणि आपल्याच ४४ माणसांची खबर आम्हाला नव्हती!

महाडला पुस्तक जळाले, त्याचा जाब आपल्याला आजही विचारतात. कीळवेणमणीला माणसे जळाली, त्याचा जाब कोण विचारतो? मनुस्मृती कागदावर जळाली, पण एकेचाळीस वर्षांनीही ती लोकांच्या मनात शाबूत होती, हेच त्या झोपडीने दाखवले.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. वक्ता न मिळाला तर न मिळो, वर्गणी कमी पडली तर चहावर भागवू, पण तारीख हलवू नये. रविवार आपल्या सोयीचा. ही तारीख आपल्या हिशोबाची. आणि पुढच्या सालापासून वंदनेनंतर ४४ मेणबत्त्या लावाव्यात, त्या पोरांनी लावाव्यात, आणि कोणासाठी लावल्या ते त्यांना सांगावे. निर्णय कमिटीने घ्यावा.

अण्णा गिरणी बंद झाल्यावर गावी गेला. तो पेढा त्याने शेवटी कागदात बांधून घरी नेला होता, पोरांसाठी. आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!