उत्तर आणि खात्री



पाठशाळेच्या प्रश्नमंजूषेत प्रश्न येतो : चौदावे तीर्थंकर कोणते? विमलनाथ, अनंतनाथ, धर्मनाथ की शांतिनाथ? एका बालकास चोवीसही नावे क्रमाने मुखोद्गत आहेत. तो अनंतनाथ म्हणतो. दुसऱ्यास काहीच ठाऊक नाही. तो चारांतून एक नाव उचलतो आणि तेही नेमके अनंतनाथच निघते. परीक्षक दोघांच्या खात्यावर समान गुण जमा करतात. हा हिशेब चोख म्हणता येईल काय?

बीड, गेवराई, आष्टीची कितीतरी मुले नीटच्या तयारीसाठी लातूरला जातात. तेथे बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा होतो. परंतु चार प्रश्नांवर डोळे मिटून खुणा केल्या तर सरासरीने एक बरोबर व तीन चूक. चार जमा, तीन नावे, एक गुण तरीही पदरात! अभियांत्रिकीच्या राज्य सीईटीत तर वजावटच नाही. विद्यार्थ्याला स्वतःच्या उत्तराची खात्री किती आहे, हे कोणीच विचारत नाही.

कापडाच्या दुकानात मात्र ते रोज विचारले जाते. ‘रंग पक्का आहे ना?’ या प्रश्नाला जाणता दुकानदार तीन प्रकारे उत्तर देतो. ‘पक्का, हमी घ्या’. ‘जाईल असे वाटत नाही’. अथवा ‘एकदा धुऊन पाहा’. हमी दिलेला रंग पहिल्याच धुण्यात उतरला, तर ते गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही. ‘धुऊन पाहा’ म्हटले असेल तर कोणी रागावत नाही. पण त्यात मोठा नफाही नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक टोनी गार्डनर-मेडविन यांनी १९९० च्या दशकात वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी नेमका असाच हिशेब बसविला. प्रत्येक उत्तरासोबत खात्रीची पायरी सांगावयाची. पहिली पायरी : बरोबर असल्यास एक, चूक असल्यास शून्य. दुसरी : बरोबर दोन, चूक उणे दोन. तिसरी : बरोबर तीन, चूक उणे सहा. दहा उत्तरांना तिसरी पायरी लावून नऊ बरोबर आली तर सत्तावीस वजा सहा, म्हणजे एकवीस गुण; दुसरीवर सोळाच मिळाले असते. सातच बरोबर आली तर तिसरीवर हाती उरतात तीन, आणि दुसरीवर आठ. आठ बरोबर असतील तेव्हा दोन्ही पायऱ्यांवर बाराच. खोटी खात्री दाखवून लाभ नाही आणि खरी खात्री लपवूनही लाभ नाही, हे या पद्धतीचे मर्म. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपासून आरंभ झाला तेही योग्यच. औषधाची मात्रा अंदाजाने, पण ठामपणे सांगणारा डॉक्टर कोणाला हवा आहे?

‘कौन बनेगा करोडपती’ने ही गोष्ट घराघरांत नेली. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथे शाळेत खिचडी शिजविणाऱ्या बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले आणि सात कोटींच्या प्रश्नावर त्या थांबल्या. ‘येथून पुढे खात्री नाही’ असे म्हणण्याचे त्यांना मोल मिळाले. पाठशाळेत असे म्हणणाऱ्या मुलाला शून्यच मिळते.

एक आक्षेप रास्त आहे. काही मुले, विशेषतः अबोल मुली, सारे येत असूनही बिचकतात. त्यांचे गुण जातील. अशांना आनंद श्रावकाची कथा अवश्य सांगावी. वाणिज्यग्रामच्या या गृहस्थाने आपल्याला झालेल्या अवधिज्ञानाची मर्यादा सांगितली, तेव्हा साक्षात गौतम गणधरांनी ती अशक्य मानून त्याला प्रायश्चित्त घेण्यास सांगितले. आनंद विनयाने, पण ठाम राहिला : प्रायश्चित्त सत्य सांगणाऱ्याने घ्यावयाचे काय? भगवान महावीरांनी आनंदाचेच म्हणणे खरे ठरविले आणि गौतमस्वामी तत्काळ परत जाऊन एका श्रावकाची क्षमा मागून आले.

येथे स्याद्वादाची ढाल कोणी पुढे करू नये. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. ‘एका विशिष्ट अपेक्षेने’ असा त्याचा अर्थ आहे, आणि त्या अपेक्षेपुरते विधान निश्चितच असते. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली सप्तभंगीचा आणि आधुनिक संभाव्यताशास्त्राचा संबंध एका लेखात मांडला. जे. बी. एस. हाल्डेन यांनीही १९५७ मध्ये या विषयावर लिहिले. आपल्या पाठशाळांत मात्र अद्याप हात वर करण्याच्या घाईलाच गुण आहेत.

पाठशाळेच्या पुढील स्पर्धेत प्रत्येक मुलाच्या हाती एक, दोन, तीन अशा आकड्यांची तीन कार्डे द्यावीत. उत्तराची चिठ्ठी आणि कार्ड एकाच वेळी पुढे यावे. म्हणजे शेजाऱ्याकडे पाहून कार्ड बदलता येणार नाही. पहिल्या दोन फेऱ्यांचे गुण धरू नयेत, कारण आपली खात्री मोजण्याची मुलांना सवयच नसते. लहान गटासाठी उणे सहा फार जड होईल. तेथे पहिल्या दोनच पायऱ्या ठेवाव्यात. गुणलेखनासाठी बेरीज-वजाबाकीत तरबेज असे दोन श्रावक बसवावेत, आणि तेवढ्यांची आपल्या समाजात वाण नाही.